कोकरं संक्रांतीनंतर वाढायची थांबतात: दोष मेंढ्याचा की वाड्याचा?

दिवाळीच्या आगेमागे व्यालेल्या मेंढ्यांची कोकरं दीड-दोन महिने झोकात असतात. संक्रांत ओलांडली की पोट सुटतं, पाठीचा कणा हाताला लागतो, लोकर निस्तेज होते आणि वजन जिथल्या तिथं. होळीच्या सुमाराला व्यापारी येतो, कोकरू उचलून बघतो आणि भाव पाडतो. मग घरात ठरतं, "मेंढाच हलका निघाला, बदला." मेंढा बदलतो. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले, शिरोळ, कागल, करवीर या पट्ट्यातनं ही तक्रार दर वर्षी येते आणि तिच्या शेपटाला एकच प्रश्न असतो: माडग्याळ जातीचा मेंढा आणू का? त्याचं उत्तर खाली आहे, पण आधी दुसरं बघू. एका कोकराकडं बघून दोष रक्तात आहे की राखणीत, हे भल्या जाणकारालाही सांगता येत नाही. कारण कुठलंही असो, खुरटलेलं कोकरू सारखंच दिसतं. कळपात कोण मागं पडलंय आणि त्याच दिवसांत कोण पडलेलं नाही, हे शेजारी-शेजारी ठेवून बघितलं तरच कारण सापडतं.

आधी मागं पडलेली वेगळी काढा

संध्याकाळी मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) आली की मागं पडलेली कोकरं एका अंगाला घ्या. प्रत्येकाची आई कोण, बाप कोण, एकलं की जुळं, आईचं कितवं वेत, जन्म कोणत्या महिन्यातला, एवढं बोलून घ्या. वही नसली तरी वाड्यावरच्या (मेंढपाळांच्या तळावरच्या) बायकांना हे तोंडपाठ असतं. कोकरं त्याच सांभाळतात, त्यामुळं विचारायचं त्यांना. दिवसभर मेंढरांमागं फिरणाऱ्या गड्याला सगळी कोकरं सारखीच.

जवळजवळ सगळीच एका पंधरवड्यात थांबली असतील, तर मेंढ्याचं नावही काढू नका. वेगवेगळ्या आयांची, दोन-तीन बापांची कोकरं एकाच तारखेला थांबतात तेव्हा त्या तारखेच्या आसपास काय बदललं ते शोधायचं. रान बदललं का? हिरवा चारा संपून नुसत्या वाढ्यावर (उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर) आलात का? पाणी कॅनॉलचं सुरू झालं का? वाडा ओल्या जागेवर बसला का? रक्ताचा दोष असा तारीख ठरवून येत नाही. तो जन्मापासून हळूहळू दिसतो आणि कळपातल्या काही घरांपुरताच राहतो.

ठरावीक मेंढीचीच कोकरं दर वेताला मागं राहत असतील, तर तिची कास हातात घ्या. दोन्ही थानं पिळा. एक मऊ आणि दुसरं गार, टणक, गाठाळ लागलं तर मागच्या वेताला ते दगडी होऊन (कासदाह होऊन) गेलंय आणि कोकरू अर्ध्या कासेवर वाढतंय. एका कोकराला ते कसंबसं पुरतं, जुळ्यांना नाही. अशी मेंढी चरायला, चालायला चांगली असते, अंगानं भरलेली दिसते, म्हणून वर्षानुवर्षं कळपात राहते. उलट जी मेंढी दूध देऊन हाडं वर आलेली असते, ती बाजाराला जाते. हे उलटं व्हायला पाहिजे.

जुळी आणि पहिलटकरणीची कोकरं मागं असणं हा रोगही नव्हे आणि वंशदोषही नव्हे. जन्मतः ती हलकी असतात आणि दूध वाटून पितात. मेंढी साधारण तिसऱ्या-चौथ्या वेताला सगळ्यात भारी कोकरू देते. पहिल्या वेताला तिची स्वतःचीच वाढ चालू असते. हे लक्षात न घेता नुसतं दांडगं कोकरू पैदाशीला निवडत गेलो, की नकळत एकलं देणाऱ्या म्हाताऱ्या मेंढ्यांचीच निवड होत जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला फेक-बी हा जनुक आपल्या दख्खनी जातीत आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. तशा मेंढ्या आणणाऱ्यांना खुराकाची तयारी आधी करावी लागते ती याचसाठी. जुळं जन्माला घालायचं काम जनुक करतो, पण त्याला पोसायचं काम चाऱ्याचं.

आणि हे सगळं वजा करूनही एकाच मेंढ्याची कोकरं, चांगल्या दुधाच्या आयांची, एकली असूनही मागं असतील, तर संशय घ्यायला जागा आहे. तोवर नाही.

नजर नको, काटा

पाठीवर हात फिरवून वजन सांगणारी माणसं आपल्याकडं आहेत आणि त्यांचा अंदाज बऱ्यापैकी बसतोही. पण लोकर वाढली की तोच अंदाज चुकतो, भरल्या पोटी चुकतो, आणि मुख्य म्हणजे मागच्या महिन्याचा अंदाज लक्षात राहत नाही. लटकवायचा काटा फार महाग नाही. पोत्याला चार भोकं पाडून कोकराची झोळी करायची, झाडाच्या फांदीला काटा अडकवायचा. सकाळी चरायला सोडायच्या आधी, महिन्यातनं एकदा. कानाला बिल्ला, वहीत तारीख.

वजनं आली की ती सरसकट शेजारी ठेवायची नाहीत. समजा, एक नर कोकरू ९० दिवसांचं, एकलं, चौथ्या वेताच्या मेंढीचं, वजन १४ किलो. दुसरं नर कोकरू ७८ दिवसांचं, जुळ्यातलं, पहिलटकरणीचं, जन्मवजन २.४ आणि आजचं ११.५ किलो. नजरेला पहिलं दीडपट वाटेल. आता दुसऱ्याचं ९० दिवसांचं वजन काढा. ११.५ मधनं २.४ वजा करा, ७८ नं भागा, ९० नं गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. येतात १२.९ किलो. म्हणजे राहिला १.१ किलोचा फरक, आणि तोही एकलं-जुळं नि आईच्या वयाचा असण्याची शक्यता जास्त. पैदाशीला मी दुसरं ठेवीन. व्यापारी पहिलं मागतो, तर त्याला पहिलं द्या.

नराची तुलना नराशी, मादीची मादीशी. एकाच महिन्यात जन्मलेल्यांची एकमेकांत. नोव्हेंबरातलं कोकरू फेब्रुवारीतल्या कोकराशेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण दोघांनी वेगळं रान खाल्लेलं असतं.

मापाला काहीतरी हवं म्हणून सांगतो: रानावर चरणाऱ्या दख्खनीचं कोकरू जन्मतः तीन किलोच्या आसपास आणि तीन महिन्यांला ११ ते १३ किलो असलं तर ते आपल्या जातीच्या मानानं ठीक चाललंय. दिवसाला शंभर ग्रॅम असा हिशेब बसतो. थोरली मेंढी तीसेक किलोची. यूट्यूबवर परदेशी मेंढ्यांची वजनं बघून आपल्या कोकरांना नावं ठेवू नयेत.

दूध आटतं तेव्हा पोटात काय जातं

मेंढीचं दूध व्याल्यावर तीन-चार आठवड्यांनी शिगेला पोचतं आणि मग उतरत जातं. दिवाळीला व्यालेल्या मेंढीचं दूध संक्रांतीपर्यंत निम्म्यावर आलेलं असतं. त्यात वाड्याच्या चहापुरतं दूध काढलं जात असेल तर आणखी कमी. दिवसभर आई रानात आणि कोकरू डालाखाली (टोपलीखाली), म्हणजे पिणं दोन वेळचं. दोन महिन्यांनंतर कोकराला खरी गरज चाऱ्याची असते आणि नेमका तेव्हा आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. जिकडं बघावं तिकडं वाढे.

वाढे फुकट किंवा स्वस्त, हिरवेगार आणि ढिगानं मिळतात. कोकराचं पोट त्यानं गच्च भरतं, म्हणूनच ते सुटलेलं दिसतं. पण वाढ्यात कच्ची प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के. पोटातल्या ज्या जंतूंनी चारा पचवायचा, त्यांना काम करायलाच ७-८ टक्के लागतात, आणि वाढत्या कोकराची गरज त्याच्या दुप्पट. शिवाय वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते हाडांना मिळत नाही. मोठ्या मेंढीला वाढ्यावर महिना काढता येतो. तीन महिन्यांच्या कोकराला नाही. संक्रांतीनंतरच्या तक्रारींपैकी मोठा भाग इथंच संपतो, असं माझं मत आहे.

उपाय फार भारी नाही. भुईमुगाचा वाळला पाला, हरभऱ्याचं भुसकट, तुरीचा भुसा यातलं जे मिळेल ते कोकरांसाठी राखून ठेवायचं, बैलांना घालायचं नाही. शेवरीचा डहाळा वाघरीच्या काठीला कोकराच्या तोंडाच्या उंचीवर टांगायचा. सुबाभूळही चालतो, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, लोकर गळायला लागते. आणि दोन-तीन आठवड्यांच्या कोकरापासून खुराकाची सवय लावायची: मकेचा भरडा ५० भाग, शेंगपेंड २७, गव्हाचा कोंडा २०, खनिज मिश्रण २, मीठ १. चिमटीनं सुरू करून तीन महिन्यांपर्यंत दिवसाला २०० ग्रॅमपर्यंत न्या. मोठ्या मेंढ्या खाऊन टाकतात, ही अडचण सगळ्यांची. त्यावर वाघरीचा एक कोपरा वेगळा करून जाळी खालनं वीतभर उचलून बांधायची. कोकरू आत जातं, आई बाहेर राहते. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

खुराक एकदम वाढवला तर सगळ्यात दांडगं कोकरूच एका रात्रीत आंत्रविषारानं जातं. पावसाळ्याआधीचं ईटीव्हीचं (आंत्रविषाराच्या लसीचं) इंजेक्शन आणि आईला गाभणपणात दिलेला डोस या खर्चाला कात्री लावू नका.

खनिज मिश्रणाबद्दल एक सूचना जोरात सांगायला पाहिजे. गायी-म्हशींचं मिश्रण मेंढ्यांना घालू नका. कोंबडीचं खाद्य तर नकोच. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला ते बाहेर टाकता येत नाही. यकृतात साठत जातं आणि महिन्यांनी अचानक डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी आणि मेंढी आडवी. मेंढ्यांसाठीचं म्हणून वेगळं मिश्रण मिळतं, तेच मागा.

हे झालं जन्मल्यानंतरचं. पोटातल्या कोकराच्या वाढीचा दोन-तृतीयांशाच्या वर भाग गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात होतो. जूनच्या पावसावर माजावर येऊन फळलेल्या मेंढीचा तो दीड महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. तेव्हा खांडी (मेंढरांचे कळप) वाटेवर असतात, सोयाबीन निघालेलं असतं, रब्बी पेरलेली असते आणि चरायला बांध. त्या दिवसांत गाभण मेंढीला रोज मूठ-दोन मूठ भरडा मिळाला तर जन्मवजनही सुधारतं आणि चीकही.

जंत

कोल्हापूर जिल्ह्याचं पाऊसमान म्हणजे एका टोकाला गगनबावडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या दहाव्या हिश्श्याचा शिरोळ. पण शिरोळात पाऊस कमी म्हणून जंत कमी, हे गणित बागायतीनं मोडून टाकलंय. पाटाच्या कडेचं, उसाच्या सरीतलं गवत बारा महिने ओलं असतं. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा गोलकृमी तिथं वर्षभर सुखात असतो. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार ओलीत आठवडाभरात अळी तयार होते, दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढते, आणि पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा अंडी. दव सुकायच्या आत मेंढरं सोडू नयेत, ही जुन्या माणसांची शिस्त याचसाठी खरी आहे. मेंढी व्यायच्या सुमाराला तिची ताकद कमी होते आणि लेंडीतनं अंडी जास्त पडतात. म्हणजे ज्या जागेवर कोकरू पहिलं गवत कुरतडतं, तीच जागा सगळ्यात घाण.

ओळखायचं कसं? कोकराला उन्हात, उजेडाकडं तोंड करून धरा. अंगठ्यानं वरची पापणी हलकी दाबून खालची खाली ओढा आणि आतली कड बघा. लालभडक असेल तर सोडा. फिकट गुलाबी असेल तर खूण करून ठेवा. कागदासारखी पांढरी असेल तर आजच औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, आता तो जगभर वापरतात. संध्याकाळी चरून आल्यावर जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबत असेल आणि सकाळी कमी झालेली असेल, तर जनावरात रक्त उरलेलं नाही, असं समजा. हिमॉन्कसमध्ये हगवण लागेलच असं नाही. "लेंडी चांगली पडतेय, म्हणजे जंत नाहीत" हा समज त्यामुळंच महागात पडतो.

बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. पाचातल्या एकीकडं कळपातला बराचसा साठा. सगळ्यांना दर दोन महिन्यांनी तेच स्वस्त औषध, तेही नजरेच्या अंदाजानं कमी पाजत राहिलं की औषधाला न मरणारे जंत तेवढे मागं राहतात. अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल गटाला दाद न देणारे हिमॉन्कस देशात बऱ्याच ठिकाणी सापडलेत. डोस गटातल्या सगळ्यात भारी जनावराच्या वजनावर मोजा. पाजण्याआधी आणि १४ दिवसांनी लेंड्या तपासून घ्या. अंडी ९५ टक्क्यांच्या वर कमी झाली नसतील तर औषधाचा गट बदलायचा, आणि तो डॉक्टरांना विचारून. अल्बेंडॅझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका, गर्भात व्यंग येतं.

नदीकाठी, दलदलीत चारणाऱ्यांनी पर्णकृमीचाही (यकृतात राहणाऱ्या चपट्या जंताचा) विचार करावा. पंचगंगा-कृष्णेचा पूर ओसरल्यावर गायरानात गोगलगायी दिसतात, त्यातल्या पाण्यातल्या गोगलगायीतनंच तो येतो आणि साध्या गोलकृमीच्या औषधानं जातोच असं नाही. आणि दीड महिन्याच्या आतल्या कोकरांना ओल्या, दाटीच्या जागेत रक्ती हगवण लागली तर ती बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची. तिथं जंताचं औषध पाजून काही उपयोग नाही. जागा कोरडी करा आणि दवाखान्यातनं वेगळं औषध घ्या.

आता रक्ताकडं

वरचं सगळं बघून झालं आणि तरी काही घराण्यांची कोकरं मागं आहेत, असं समजू. वजनावर वंशाचा हात किती, हे मेंढ्यांच्या नोंदींवरनं वेगवेगळ्या देशांत काढलं गेलंय. जन्माचं आणि दूध तोडतानाचं वजन घेतलं तर हेरिटॅबिलिटी बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ च्या दरम्यान येते. वर्षाच्या वजनाला थोडी जास्त, कारण तोवर आईच्या दुधाचा परिणाम विरतो. ०.२ म्हणजे कोकराच्या वजनातला पाचवा हिस्सा बापाकडनं आला, असं नव्हे. एकाच कळपात, एकाच रानावर कोकरा-कोकरात जो फरक पडतो, त्या फरकाचा पाचवा हिस्सा पुढच्या पिढीला देता येण्यासारखा आहे.

हिशेब करून बघा. कळपातल्या नर कोकरांची तीन महिन्यांची सरासरी १२ किलो. तुम्ही १६ किलोचा नर ठेवला, ४ किलोनं वरचा. चार गुणिले ०.२ म्हणजे ०.८. पण कोकराला निम्मं बापाकडनं मिळतं, म्हणून ०.४. एका पिढीत चारशे ग्रॅम! जंत आणि खुराक नीट केले तर याच्या कैकपट वजन याच हंगामात मिळतं. मग मेंढा निवडायचाच कशाला? कारण खुराक दर वर्षी विकत आणावा लागतो, आणि हे चारशे ग्रॅम एकदा कळपात आले की राहतात. पुढचा नर निवडला की त्यावर आणखी चढतात.

आपल्याकडं मात्र गाडी उलटी चालते. कोल्हापूर म्हणजे तांबड्या-पांढऱ्याचं गाव, मटणाला गिऱ्हाईक बारमाही. बकरी ईदच्या आधी तर दांडगा नर शोधत व्यापारी वाड्यावर येतात. सगळ्यात लवकर वाढणारं कोकरू सगळ्यात आधी विकलं जातं, मागं राहिलेल्यातला एखादा वर्षानं कळपाचा मेंढा होतो. दर पिढीला आपण हळू वाढणारा बाप निवडतो आणि मग रक्त हलकं झालं म्हणतो. पैशाची नड असते हे खरं, त्यावर उपदेश करण्यात अर्थ नाही. पण तीन महिन्यांच्या वजनावर दोन नर आधीच ठरवून त्यांच्या कानाला वेगळा बिल्ला मारला आणि घरात सांगून ठेवलं की हे विकायचे नाहीत, तर बाकीचे खुशाल जाऊ देत. दोन-तीन वाड्यांनी मिळून हे केलं तर एकाला जड जात नाही.

दुसरं दुखणं जवळच्या रक्ताचं. एकच मेंढा चार-पाच वर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींना लागतो. त्या कोकरांत पंचवीस टक्के अंतःप्रजनन. सहा-सात महिन्यांचे नर वेगळे न काढल्यानं भाऊ-बहिणीही फळतात. याची खूण नुसती कमी वजन नव्हे. कोकरं अशक्त जन्मतात, पहिल्या आठवड्यात मरतात, खालचा जबडा आखूड निघतो, माद्या उलटतात (गाभ न राहता पुन्हा माजावर येतात). असं काही एकत्र दिसत असेल तर मेंढा बदलायला हरकत नाही, तिथं ते औषधच आहे. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा, दोन वर्षांनी बदल. शेजारच्या वाड्याशी अदलाबदल करताना तो मेंढा तीन आठवडे वेगळा बांधा, ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या जंतूची) तपासणी करून घ्या.

वंशासारखा दिसणारा, पण वंशाचा नसलेला एक प्रकार आहे, आणि जाणती माणसंही त्याला फसतात. मादी सात महिन्यांची, पंधरा किलोची असताना फळते. तिची वाढ तिथंच खुंटते. दूध बेताचं, कोकरू हलकं. त्यातली मादीही पुढं अशीच लवकर फळते. आजी खुजी, आई खुजी, नात खुजी. बघणारा म्हणतो, घराणंच खुजं. या नातीला वाघरीत वेगळं राखून वीस-बावीस किलोची होईस्तोवर मेंढ्यापासनं लांब ठेवा आणि मग तिची कोकरं बघा.

तरी शंका राहिलीच तर मेंढ्यांची परीक्षा घेता येते. कळपातल्या माद्या निवड न करता दोन भागांत करा. चांगल्या एकीकडं असं नको, वाघरीतनं बाहेर पडतील तशा एक इकडं, एक तिकडं. एका भागाला जुना मेंढा, दुसऱ्याला नवा. पाच आठवडे वेगळ्या वाघरीत, कारण मेंढीचा माज सतरा दिवसांनी फिरतो आणि दोन फेऱ्या मिळाल्या पाहिजेत. नंतर सगळं एकत्र, एकाच रानावर. प्रत्येकाची निदान दहा-बारा कोकरं तीन महिन्यांला मोजली तर उत्तर वहीत असतं.

माडग्याळ आणू का?

जतच्या पूर्वेचा हा मेंढा देखणा: उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं वाकलेलं नाक. वाढही दख्खनीपेक्षा चांगली. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण बोली लागते ती नाकाच्या वळणाला आणि डौलाला. त्याच्या कोकरांचं तीन महिन्यांचं वजन कुणी विचारत नाही, आणि तुम्हाला विचारायचंय तेच.

शिरोळ, हातकणंगल्याच्या पूर्व भागात तो टिकतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या पावसात कोरड्या मुलखातल्या या जनावराचे खूर सडतात, आणि मग वाढीचं रक्त असून काय करायचं? आपली काळी दख्खनी अंगानं लहान आहे, पण दिवसाला कोसन्‌कोस चालते आणि उन्हाळ्यात वाळल्या काड्यांवर तग धरते. मोठ्या अंगाच्या मेंढीला रोज जास्त चारा लागतो, हे उन्हाळ्यात कळतं. शिवाय लांबचं रक्त आलं की पहिल्या पिढीला जोम येतो. खूश होऊन त्याच संकराचे नर त्याच संकराच्या माद्यांना लावले, की त्यातला निम्मा जोम पुढच्या पिढीत ओसरतो. "पहिली कोकरं झकास, मग घसरली" ही तक्रार तिथनं येते.

माझं उत्तर असं: पूर्वेला राहत असाल, जंत-चारा मार्गी लागला असेल, वही चालू असेल, तर आणा. बाजारातनं नको. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर, रांजणी, महूद, दहिवडीला, पैदाशीच्या मेंढ्यांची चौकशी करा आणि त्याच्या आईबापाची नोंद मागा. पश्चिमेला असाल तर दख्खनीतलाच, लांबच्या वाड्यावरचा, वजन मोजलेला मेंढा घ्या.

विचारताना सोबत एवढं द्या

"कोकरं वाढत नाहीत, काय करू" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. किती कोकरं, त्यातली किती मागं, जन्मतारखा, दोन महिन्यांची वजनं, एकलं-जुळं, सध्याचा चारा, शेवटचं जंताचं औषध कोणतं आणि कधी, पापणीचा रंग, एवढं लिहा. लेंड्या तालुक्याच्या दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासून मिळतात. जमिनीवरच्या उचलू नका. पाच-सहा कोकरांच्या थेट मागनं बोटानं काढलेल्या, प्रत्येकाच्या वेगळ्या डबीत, नाव घालून, बर्फाच्या पिशवीजवळ ठेवून त्याच दिवशी पोचवा. उशीर झाला की अंडी फुटतात आणि आकडा कमी येतो.